जिताड्याची वाढ

वसईच्या खाडीत मोठा जिताडा गावला की त्याची बातमी त्याच्या आधी घरी पोचते. बोई, खरबी, शिंगाळा, चिंबोरी ही रोजची मासळी. ती टोपलीतून येते आणि वाटे लावून विकली जाते. जिताड्याचं तसं नाही. किती किलोचा, कुठल्या भरतीला, कुणाच्या जाळ्यात, पाणी गढूळ होतं की निवळलेलं, हे सगळं विचारल्याशिवाय घोडबंदर-वरसाव्याच्या काठावरचा माणूस पुढे सरकत नाही. मग कुणीतरी हमखास जुनं वजन काढतो: आजोबांच्या वेळचा एक, बांबूला बांधून दोघांनी खांद्यावरून आणलेला. अशा गोष्टी खऱ्या असायला जीवशास्त्राची काही हरकत नाही. जिताडा 60 किलोपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि लांबीला तो पुरुषभर होऊ शकतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. हाच मासा खाडीतून उचलून तळ्यात सोडला तर किती वाढेल? जास्त की कमी? स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये हौसेनं मासे गरवणारी माणसं दीडशे वर्षं ब्राउन ट्राउट या माशाबद्दल हेच विचारत आली आहेत. बीज सोडलेल्या तळ्यात ट्राउट किती मोठा होतो, यावर तिकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, पुस्तकं निघाली, प्रयोग झाले. त्या थंड पाण्यातल्या माशानं जी उत्तरं दिली ती आपल्या उष्ण, मचूळ पाण्यातल्या जिताड्याला बरीचशी लागू पडतात. जिथे लागू पडत नाहीत तिथे जिताडा जास्त मोलाचं काही सांगतो.

आधी त्याचं पाणी पाहायला हवं. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्यापर्यंत येते आणि तिथून पश्चिमेला वळून घोडबंदरवरून वसईकडे समुद्राला मिळते. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगिजांचा; 1737 साली तो मराठ्यांनी घेतला. त्याच्या तटावरून पाहिलं तर या माशाला जे जे लागतं ते एका नजरेत येतं. समोर भरती-ओहोटीला श्वास घेणारी रुंद खाडी, काठाला कांदळवन, पलीकडे वसईच्या बाजूची खाजणं आणि मिठागरं, पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. त्या डोंगरांतून चेना नदी पावसाळ्यात गोडं पाणी घेऊन खाडीत उतरते. उन्हाळ्यात इथलं पाणी खारट, श्रावणात जवळजवळ गोडं. बहुतेक माशांना एवढा बदल सोसत नाही. जिताड्याचं सगळं आयुष्य या बदलावर बेतलेलं आहे.

तो हातात घेऊन पाहावा. वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत फाकणारा, खालचा जबडा पुढे आलेला. दात बारीक, मखमलीसारखे; चावण्यासाठी नाहीतच, कारण हा मासा चावत नाही. भक्ष्याजवळ गेला की तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढून घेतो. शांत रात्री तो आवाज काठावर ऐकू येतो, बंद डब्यावर थाप मारल्यागत. कल्ल्याच्या झाकणाची कडा धारदार असते. नवखा माणूस तिथे बोट घालतो आणि कापून घेतो, जाणता अंगठा खालच्या जबड्यात घालून मासा उचलतो. अंधारात बॅटरीचा झोत पडला तर डोळा निखाऱ्यासारखा लाल-सोनेरी चमकतो. खाडीतला जिताडा चांदीसारखा पांढरा असतो; तळ्यात वाढलेला अंगानं काळपट, पितळी होतो. बाजारात माणसं रंगावरून पाणी ओळखतात आणि त्यावरून भाव ठरतो.

जन्मानंतर काही वर्षं जवळजवळ प्रत्येक जिताडा नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी पुरेसं खारं आहे तिथे, तो वीण करायला उतरतो. पुढे पाच-सात वर्षांचा आणि साधारण 80 ते 100 सेंटिमीटर लांबीचा झाला की तोच मासा मादी होतो. म्हणजे बाजारात दिसणारा किलो-दोन किलोचा जिताडा बहुधा नर, आणि दहा-बारा किलोच्या पुढचा जवळजवळ नेहमी मादी. अंडी मिलिमीटरभराहून लहान. दिवस उलटायच्या आत फुटतात. मोठी मादी एका मोसमात कोटीच्या घरात अंडी टाकते. पिल्लं उधाणाच्या भरतीबरोबर खाजणात, कांदळवनाच्या मुळांत, भाताच्या खाचरांपर्यंत शिरतात. अंगानं काळसर, नाकापासून पाठीपर्यंत पांढरा पट्टा. तिथून जमेल तेवढी नदीनं वर गोड्या पाण्यात जातात, वाढतात, आणि वीण करायला पुन्हा खाली खाऱ्यात येतात.

सामन मासा समुद्रात वाढून नदीत वितो. हा नदीत वाढून खाऱ्यात वितो. तळ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. गोडं पाणी जिताड्याला परकं नाही. ते त्याच्या वाढीचंच पाणी आहे.

महाराष्ट्रात हे सगळ्यात आधी ओळखलं रायगडच्या खारेपाटातल्या शेतकऱ्यानं. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात समुद्राला बांध घालून जमीन काढलेली, बांधाला उघाड्या. गोडं पाणी साठवायला घराजवळ, शेतात तळी खणलेली. पावसाळ्यात उघाडीतून, ओहोळातून जिताड्याची पिल्लं आत येतात. जी येत नाहीत ती खाडीच्या काठावरून पकडून, नगावर मोजून विकत आणली जातात. तळ्यात आधीच तिलापिया असतो. हा आफ्रिकेचा मासा 1952 साली भारतात आला आणि आता हटवू म्हटलं तरी हटत नाही. तो वर्षभर पिल्लं घालतो आणि जिताडा वर्षभर ती खातो. वेगळं खाद्य विकत घ्यावं लागत नाही. शेतकरी तळ्याकडे येताजाता लक्ष ठेवतो, एवढाच खर्च.

मे महिन्यात तळं आटत आलं की जाळं ओढलं जातं. कमरेएवढ्या चिखलपाण्यात आठ-दहा माणसं जाळ्याची खालची कड पायानं दाबत पुढे सरकतात, बायका-पोरं बांधावरून ओरडून सांगतात, मासा कुठे हलला. तिलापिया निमूटपणे गोळा होतो. जिताडा शेवटच्या कोपऱ्यापर्यंत दम धरतो आणि मग जाळ्यावरून उडी घेतो. उडीत तो पूर्ण पाण्याबाहेर येतो तेव्हाच त्याचा खरा आकार दिसतो, आणि बांधावर वजनांचे अंदाज सुरू होतात. वर्ष-दीड वर्षात किलोभर, दोन-तीन वर्षं राखला तर चार-पाच किलो, आणि एखाद्यानं तळं मुद्दाम उपसलंच नाही तर त्याहून मोठा. एकाच दिवशी सोडलेल्या पिल्लांत वर्षाअखेर तिप्पट-चौपटीचा फरक पडतो. याचं कारण खारेपाटात पोराटोरांनाही ठाऊक आहे: जो थोडा पुढे गेला त्यानं मागे राहिलेल्या भावंडांना खाल्लं. जिताडा स्वतःच्या निम्म्याहून जास्त लांबीचा मासा गिळू शकतो. म्हणून उबवणी केंद्रात पिल्लं दर काही दिवसांनी आकारानुसार वेगळी करावी लागतात. तळ्यात ते काम कुणी करत नाही. शंभर सोडली तर निघतात थोडी, पण निघतात ती दणकट.

त्या भागात जिताडा हा मानाचा मासा आहे. पाहुणा आला, जावई आला, मोठं काम झालं तर तळ्यातला जिताडा काढतात. घराचं तळं आहे आणि त्यात जिताडा आहे, एवढ्यावर स्थळाची माहिती पुरी व्हावी असा काळ फार जुना नाही.

आता ट्राउट. डोंगरातल्या ओढ्यातला ब्राउन ट्राउट उभ्या आयुष्यात पाव किलोचाही होत नाही. अन्न थोडं, पाणी गार, जागा अपुरी. त्याच वाणाचं पिल्लू मोठ्या सरोवरात पडलं तर काही किलोंचं होतं. हा फरक रक्तातला की पाण्यातला, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. सरोवरासरोवरागणिक वेगळी जात मानणारे विद्वान होते. त्यांच्या विरुद्ध बाजूनं ठाम उभा राहिलेला माणूस म्हणजे फ्रान्सिस डे. भारतीय वाचकाला तो परका नसावा. मद्रासकडे लष्करी डॉक्टर म्हणून आलेला हा गृहस्थ पुढे हिंदुस्थानच्या मत्स्य खात्याचा प्रमुख झाला, आणि 1870च्या दशकात त्यानं भारतातल्या माशांवर जो ग्रंथ लिहिला तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. आपला जिताडा त्यात आहे. निवृत्तीनंतर तो स्कॉटलंडमधल्या हौइटन इथल्या मत्स्यबीज केंद्रात ट्राउटच्या पैदाशीचे प्रयोग पाहत राहिला. 1887 साली ब्रिटनच्या ट्राउट-सामनवरचं त्याचं पुस्तक आलं. निष्कर्ष असा: ट्राउट एकच, रूपं पाण्यागणिक वेगळी.

पाणी काय काय करू शकतं याची उदाहरणं पुढे भरपूर मिळाली. ब्रिस्टल शहराच्या पाण्यासाठी सॉमरसेटमध्ये ब्लॅगडन इथे शेतजमीन बुडवून जलाशय झाला, त्यात ट्राउट सोडले आणि 1904 साली तिथे मासे गरवायला परवानगी मिळाली. पहिल्या वर्षांतल्या माशांचा आकार पाहून लोक चकित झाले. तसे मासे त्यांनी नदीत कधी पाहिले नव्हते. पुढे आकार उतरला. कारण सरळ आहे. नव्यानं बुडालेल्या जमिनीतलं गवत, गांडुळं, कुजणारी मुळं यांनी पाण्याला एकदम खत मिळतं. किडे, गोगलगाई, लहान मासे यांचा पूर येतो. खाणारे मात्र अजून थोडेच असतात. काही वर्षांत ती बेगमी संपते आणि तळं आपल्या रोजच्या मिळकतीवर येतं. आपल्याकडे नव्या धरणाच्या पहिल्या वर्षांत मासेमारी करणाऱ्यांना हाच अनुभव येतो आणि पुढच्या वर्षांत बीज कमी पडलं म्हणून ओरड होते. पुष्कळदा कमी पडलेलं असतं ते अन्न, आणि बीज वाढवल्यानं मासे आणखी बारीक होतात. मत्स्यबीज सोडण्याच्या आकड्यांवर यश मोजणाऱ्यांनी ब्लॅगडनचा इतिहास जरूर वाचावा.

ट्राउटच्या आयुष्यात आणखी एक वळण असतं. किडे खाऊन तो एका आकाराशी थांबतो. तो आकार ओलांडून जो मासे खायला लागतो त्याची वाढ नव्यानं सुरू होते, आयुष्यही लांबतं. स्कॉटलंडच्या लॉख ऑ या सरोवरात 2002 साली असा मासेखाऊ ट्राउट मिळाला, 14.4 किलोचा. जगाचा विक्रम मात्र न्यूझीलंडकडे आहे. तिथे ट्राउट मुळात नव्हताच. 1864 साली नॉरफोक नावाच्या जहाजातून बर्फात आणि शेवाळात बांधून अंडी इंग्लंडहून टास्मानियाला नेली, तिथून 1867 पासून ती न्यूझीलंडला गेली. तिथल्या दक्षिण बेटावर ओहाऊ नावाचा वीजनिर्मितीचा कालवा आहे. त्यात पिंजऱ्यांमध्ये सामन पाळतात. पिंजऱ्यातून खाली सांडणारं खाद्य बाहेरचे ट्राउट वर्षभर खातात. 2020 साली त्या कालव्यातून निघालेला ब्राउन ट्राउट 20.1 किलोचा भरला. एवढा मोठा ब्राउन ट्राउट त्याच्या मायदेशी युरोपातही कुणी गळावर धरल्याची मान्य नोंद नाही.

महाराष्ट्रात ट्राउटची आशा धरण्यात अर्थ नाही. त्याचं खाणंपिणं 13-14 अंशांच्या आसपास उत्तम चालतं आणि पंचविशीच्या पुढे तापमान गेलं की तो मरू लागतो. घोडबंदरच्या खाडीत पंचवीस हा हिवाळ्यातला आकडा. इंग्रजांनी आपला मासा इथे आणायचा खटाटोप केला तो डोंगरांवर. डे यानं स्वतः 1860च्या दशकात निलगिरीत प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरला 1899 साली पाठवलेली अंडी वाटेतच नासली, पुढच्या वर्षीची खेप तगली आणि झेलमच्या खोऱ्यात ट्राउट आजही आहे. जिताड्याचं गणित नेमकं उलटं. वीस अंशांच्या खाली त्याची भूक मंदावते, तिशीच्या आसपास ती सगळ्यात तेज.

आणि उष्ण पाण्यातल्या बीज सोडलेल्या तळ्यांचं उदाहरण हवं तर ऑस्ट्रेलियाकडे वळावं लागतं. तिथे जिताड्याला बारामुंडी म्हणतात. मासा तोच. क्वीन्सलंड राज्यात धरणांच्या जलाशयांत 1980च्या दशकापासून त्याची पिल्लं सोडतात. टिनारू जलाशयातून 1999 साली 37.85 किलोचा निघाला तेव्हा तो जगातला गळावर धरलेला सर्वांत मोठा जिताडा ठरला. डिसेंबर 2010 मध्ये मंडुरन जलाशयातल्या 44.64 किलोच्या माशानं तो विक्रम मोडला. म्हणजे ट्राउटचा विक्रम माणसानं खणलेल्या कालव्यातला आणि जिताड्याचा माणसानं भरलेल्या तळ्यातला. खाडी आणि नदी दोन्हीकडे मागे पडल्या.

असं का व्हावं? अन्न आणि गर्दी ही दोन कारणं वर आलीच. क्वीन्सलंडच्या जलाशयांत लहान मासे मुबलक, आणि जिताड्याला खाईल असा त्याच्याहून मोठा कुणी नाही. तिसरं कारण मात्र जीवाला चटका लावणारं आहे. या माशांना वीण करता येत नाही. जलाशयातली मादी वाढते, वयात येते, पोटात गाभोळी धरते; पण अंडी टाकायला खारं पाणी नाही, भिंत ओलांडून खाली जायला वाट नाही. गाभोळी अंगातच जिरते. नदीमुखाकडचा प्रवास नाही, विणीची झीज नाही, वाटेतली जाळी नाहीत. ते सगळं बळ मांस होऊन अंगावर चढतं. ट्राउटच्या बाबतीत हीच गोष्ट माणसं ठरवून करतात. इंग्लंडच्या नद्यांत आता वांझ ट्राउट सोडण्याचं धोरण आहे, मुख्यतः रानातल्या माशांच्या वंशात भेसळ होऊ नये म्हणून. अंड्यावर दाब देऊन त्यात गुणसूत्रांचा एक जादा संच राखला की वाढणारी मादी कधीच वीत नाही, आणि इतर मासे विणीनं खंगतात त्या ऋतूतही ती खात राहते.

तळ्यातला 40 किलोचा मासा पाहताना हे विसरू नये. तो कुणाचा आई-बाप नाही. त्याच्या आधीची पिढी उबवणी केंद्रात होती आणि त्याच्या पुढची पिढी नाही. त्याचा आकार म्हणजे त्या तळ्यानं खाऊ घातलेल्या अन्नाचा हिशेब, आणि तो हिशेब त्याच्याबरोबर मिटतो. खाडीतल्या दहा-पंधरा किलोच्या मादीचं वजन वेगळं काही सांगतं. ती नर म्हणून काही पावसाळे वीण करून आली आहे, जाळी, गळ, घाण, उपसा यांतून सुटून मादी झाली आहे, आणि येत्या पावसाळ्यात तिच्या एकटीच्या पोटात जेवढी अंडी असतील तेवढी लहान माद्यांच्या मोठ्या घोळक्यातही नसतील. खाडीला अशा माद्या मोजक्याच परवडतात आणि त्या मोजक्याच उरतात.

क्वीन्सलंडच्या कायद्यानं हा फरक ओळखला आहे. तिथल्या भरती-ओहोटीच्या पाण्यात 58 सेंटिमीटरहून लहान जिताडा धरता येत नाही, तसाच 120 सेंटिमीटरहून मोठाही ठेवता येत नाही, सोडावा लागतो. विणीच्या काळात पूर्व किनाऱ्यावर तो धरायलाच बंदी असते. बीज सोडलेल्या ठरावीक जलाशयांना मात्र ही बंदी लागू नाही आणि तिथला एक मोठा मासा घरी नेता येतो. तळ्यातला मोठा मासा खुशाल खा, खाडीतला राहू दे. एवढा साफ विचार कायद्याच्या भाषेत क्वचित सापडतो.

मंडुरनच्या त्या विक्रमानंतर काही दिवसांतच क्वीन्सलंडला महापूर आला. तिथलं अवूंगा नावाचं धरण भरून वाहू लागलं आणि वर्षानुवर्षं कोंडलेले हजारो जिताडे सांडव्यावरून खाली नदीत पडले. पुष्कळ आपटून मेले, जखमी झाले. जे जगले ते ग्लॅडस्टनच्या खाडीत पोचले, म्हणजे ज्या पाण्यासाठी त्यांची गाभोळी दरवर्षी तयार होऊन जिरत होती तिथेच.

जिताड्याच्या आकारानं मोहून कुणी त्याला वाटेल त्या पाण्यात सोडू मात्र नये. त्याच्याच कुळातला नाईल पर्च 1950च्या दशकात आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सोडला. तो तिथे राक्षसासारखा वाढला, निर्यातीचे कारखाने उभे राहिले, आणि जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या लहान माशांच्या शेकडो जाती नाहीशा झाल्या किंवा नाहीशा होण्याच्या कडेला आल्या. त्याला सरोवराचं प्रदूषणही कारण होतं, पण मोठा वाटा पर्चचा. जिताडा गोड्या पाण्यात वीत नसल्यानं तसा फैलावणार नाही, हे खरं. तरी एक पिढीदेखील तुळशी-विहारसारख्या तलावांतल्या किंवा चेना नदीच्या डोहांतल्या लहान मूळ माशांना पुरून उरेल. शेततळं ठीक, खाजणातलं तळं ठीक. डोंगरातलं पाणी त्याच्यापासून लांबच ठेवलेलं बरं.

घोडबंदरच्या खाडीची आजची अवस्था कुणापासून लपलेली नाही. अंबरनाथ-उल्हासनगरपासूनचं कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी उल्हास नदीतून याच खाडीत येतं. रेतीच्या उपशानं तळ खरवडला गेला. कांदळवन तोडून भराव टाकणं 2005च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानं गुन्हा ठरलं, म्हणून जे उरलं ते उरलं. जिताड्याच्या पिल्लांचा पाळणा त्याच मुळांत आहे. शिवाय तळ्यांसाठी बीज अजूनही खाडीतूनच उचललं जातं. पिशवीत, डब्यात, हंड्यात भरून नेताना त्यातली किती वाटेतच मरतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

यावरचा एक उपाय हाताशी आहे आणि तो आपल्याच देशात तयार झाला. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेनं 1997 साली जिताड्याची बंदिस्त वीण भारतात पहिल्यांदा यशस्वी केली. तमिळनाडूत थोडुवाई इथे राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राची उबवणी आहे. महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षानं 2017च्या उपजीविका योजनेत खाडीकाठच्या गावांना पिंजऱ्यात जिताडा वाढवायला मदत सुरू केली, ती अशाच बीजावर. पिंजऱ्यातला मासा किलो-दीड किलोचा होताच विकला जातो. मादी होण्याच्या वयाला तो पोचतच नाही. यात वाईट काही नाही. खाण्यासाठी वाढवलेला मासा खाण्याच्या वयात खावा. उलट अशी जेवढी बोटुकली उबवणीतून खारेपाटाच्या तळ्यांना मिळतील तेवढी खाडीतली पिल्लं खाडीत राहतील, आणि तळ्यातला जिताडा राखून पाच-सात किलोचा करण्याची हौस कुणाचं काही न हिरावता भागेल.

राहतात त्या खाडीतल्या मोठ्या माद्या. महाराष्ट्रानं 2023 साली अनेक जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, ते चांगलंच झालं. पण किमान आकाराचा नियम मोठ्या मादीला वाचवत नाही. आणि ज्याच्या जाळ्यात वर्षातून एखादा बारा किलोचा जिताडा येतो त्याला फुकट सोडून दे म्हणणं अन्याय आहे. त्या एका माशात त्याच्या घरचा महिना निघतो. पण यालाही तोड निघालेली आहे. डिसेंबर 2018 पासून राज्यात कासव, डॉल्फिन, देवमुशी यांसारखे संरक्षित जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो काढायचा, अर्ज करायचा, पैसे खात्यात. कोळीवाड्यांनी ही योजना मनापासून उचलली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मीटरभराच्या पुढचा जिताडा जिवंत सोडणाऱ्याला त्या दिवसाचा बाजारभाव द्यायचा, एवढीच भर तिच्यात घालायला हवी. सुरुवात वसईच्या खाडीपासून करता येईल: पाचूबंदर, नायगाव, भाईंदर, घोडबंदर, नागला बंदर. मोजायला फूटपट्टी पुरते, आणि इथल्या माणसांना तर तीही लागत नाही.